गाठीपुरती वीज

बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकांचा एक मोठा वजनकाटा आहे. त्या काट्याच्या खोलीत नरसिंग बावीस वर्षं बसत आला होता. भरलेली गाडी काट्यावर उभी करायची, आकडा बघायचा, चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. आकडा थोडा इकडे-तिकडे करावा म्हणून कुणी चहापाण्याची भाषा काढली, तर नरसिंग शांतपणे म्हणे, "चहा मी घरनं पिऊन आलोय. गाडी पुढं घ्या." वसाहतीतले लोक त्याला काटेवाले अण्णा म्हणत.

सुट्टीच्या दिवशी हाच माणूस वेगळा दिसे. नौबादच्या विहारात तो बौद्धाचार्य होता. भालकी, औराद, हुमनाबादकडच्या खेड्यांतून बौद्ध घरांतली लग्नं लावायला त्याला बोलावणं येई. पांढरी पँट, पांढरा शर्ट, दोन्हीला स्वतःच्या हातानं केलेली कडक इस्त्री. येण्याजाण्याच्या भाड्यापलीकडे तो काही घेत नसे. मंडपात दोन-दोन तास उभा राही. आवाज असा, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही शब्द न् शब्द कळावा. पुढं कधी बसस्टँडवर एखादं जोडपं भेटे, कडेवरच्या लेकराला जयभीम करायला लावी आणि सांगे, "आमचं लगीन तुमीच लावलाव." ते ऐकलं की नरसिंगचा दिवस चांगला जाई.

तो एकसष्ट वर्षांचा असताना वसाहतीतल्या कारखान्यांनी मिळून कामगारांसाठी तपासणीचं शिबिर ठेवलं. सगळ्यांबरोबर त्यानंही रक्त दिलं. साखर ठीक निघाली, बाकीचंही ठीक निघालं. एका आकड्याभोवती मात्र लाल गोल होता. पीएसए नऊ पूर्णांक एक.

बीदरच्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तिच्यातून हा पदार्थ रक्तात उतरतो. चारच्या आसपास असेल तर चालतं, फार वाढला तर बघावं लागतं. वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही.

"रात्री लघवीला उठता का?"

"दोनदा-तीनदा. दोन वर्सं झाली."

"ते वयामुळं असेल. पण हे वेगळं तपासू."

नरसिंगला यात गैर काही वाटलं नाही. आकड्याबद्दल शंका आली की गाडी खाली घेऊन पुन्हा चढवायची, हे तो रोजच करत होता. महिन्यानं पुन्हा रक्त दिलं. नऊ पूर्णांक चार. मग हैदराबादला एमआरआय झाला. त्यानंतर सुईनं ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. दोन्ही खेपांना घरी त्यानं सांगितलं, "कंपनीच्या कामानं जायलोय."

बायको चांगुणाबाईनं दोन्ही वेळा डबा बांधून दिला. पण दुसऱ्या खेपेहून आल्यावर दोन दिवस तो खुर्चीवर नीट टेकत नव्हता, हे तिनं बघितलं. पेटीत इस्त्रीच्या कपड्यांखाली तिला कागद सापडले. इंग्रजी तिला येत नव्हतं. तिनं ते घडी करून ठेवून दिले आणि हुमनाबादला शाळेत शिकवणाऱ्या लेकीला, मंगलला, बोलावून घेतलं.

मंगलनं कागद वाचले आणि बापासमोर येऊन बसली.

"अप्पा, ह्यात कॅन्सर लिहिलंय."

"व्हय. लिहिलंय."

"आमाला कामून सांगितलं न्हाईत?"

"जागा तशी हाय, बाई. लेकीला काय सांगायचं?"

"मग मला सांगायचं की," दारात उभी असलेली चांगुणाबाई म्हणाली. "मी का तुमची लेक हाव?"



मुलगा राजपाल पुण्यात एका कंपनीत नोकरीला होता. त्यानं तिथल्या दोन डॉक्टरांना कागद दाखवले. दोघांचंही म्हणणं एकच होतं. गाठ ग्रंथीतच आहे, बाहेर गेलेली नाही. ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढता येते, किंवा किरणांचा उपचार देता येतो. राजपाल फोनवर म्हणाला, "अप्पा, काढून टाका. एकदा काढलं की इषय संपला. पैशाचं मी बघतो." हैदराबादच्या एका दवाखान्यात पुढच्या महिन्याची तारीखही मिळाली.

तारखेला पंधरा दिवस उरले असताना नरसिंग हुमनाबादला जगदेवप्पाच्या घरी गेला. जगदेवप्पा बसचा निवृत्त कंडक्टर. बीदरच्या गाडीवर वर्षानुवर्षं तिकीट फाडता फाडता दोघांची दोस्ती झाली होती. पाच वर्षांपूर्वी त्याचं हेच ऑपरेशन झालं होतं, एवढं नरसिंगला ठाऊक होतं. जगदेवप्पानं बायकोला चहा टाकायला सांगितला, ती आत गेल्यावर दार लोटून घेतलं आणि मगच बोलला.

"कॅन्सर गेला, नरसिंगअण्णा. पाच वर्सं रक्त साफ हाय. डॉक्टरला मी नाव ठेवणार न्हाई."

"मग?"

"खोकलो की थेंब पडतंय. शिंकलो की पडतंय. बसमधनं उतरताना पाय जोरात टेकला की पडतंय."

"रोजच?"

"रोज. सगळ्यांचं असं राहत न्हाई. चार-सहा महिन्यांत बहुतेकांचं बसतंय. माझं बसलं न्हाई." त्यानं आपल्या पँटीकडं बोट केलं. "काळ्याच शिवून घेतलोय आता. आतून पॅड. लगनाला जायचं सोडलोय. गेलो तर मागं बसतो, अक्षता पडल्या की निघतो."

नरसिंगनं चहा अर्धाच प्यायला. परतीच्या बसमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मंडप भरलेला आहे, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या पेटल्या आहेत, आणि पांढऱ्या पँटीत आपण पाच-सहाशे माणसांपुढं उभे आहोत. मरणाबद्दल त्यानं आतापर्यंत बराच विचार केला होता, इतरांच्या शोकसभांतून त्यावर बोललाही होता. हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं चांगुणाबाईला सांगितलं.

"जीव राहिला म्हंजे झालं," ती म्हणाली. "लगनं लावायला दुसरा कुणी मिळंल." मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. संध्याकाळी मंगलला फोन करून म्हणाली, "दुसरं काय निघतंय का बघ."

मंगलच्या शाळेतल्या एका बाईंचा भाऊ हैदराबादला नर्सिंगचं काम करत होता. त्याच्याकडून कळलं की तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात ग्रंथी न काढता, नुसत्या गाठीवर विजेचे झटके देऊन उपचार करतात. सगळ्यांना तो लागू पडत नाही. मंगल बापाला म्हणाली, "ऑपरेशनची तारीख हातात राहू द्या. नुसतं इचारून येऊ."

तिघं हैदराबादला गेले. दारावरची पाटी वाचून नरसिंग थबकला. डॉक्टर बाई होत्या, महादेवी नाव. मूळच्या बसवकल्याणच्या, कानडी वळणाची मराठी बोलणाऱ्या. "या अण्णा, बसा. अक्का, तुमी इकडं बसा," असं त्या म्हणाल्या तरी नरसिंग टेबलावरच्या पेनकडंच बघत राहिला.

डॉक्टरबाईंनी एमआरआयचं चित्र समोर लावलं. करड्या रंगात डाव्या बाजूला एक काळपट ठिपका होता.

"सव्वा सेंटीमीटर. मधल्या जातीची गाठ हाय, फार तापट न्हाई, फार गरीब बी न्हाई. एकाच बाजूला हाय. म्हणून हा उपचार तुमाला सांगता येतो." त्यांनी कागदावर अक्रोडासारखा आकार काढला, त्यात गाठ काढली आणि गाठीभोवती चार टिंबं दिली. "ह्या चार सुया. खालच्या अंगानं, सोनोग्राफीत बघत बघत घालायच्या. मग एका सुईतनं दुसऱ्या सुईकडं विजेचा झटका. एका सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग, तेवढाच वेळ. असे शेकडो झटके."

"किती व्होल्टचा?" नरसिंगनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दोन-तीन हजार."

"आमच्या काट्यामागं ट्रान्सफॉर्मर हाय. मागल्या साली त्याला माकड चिकटलं. कोळसा झाला."

"ते जळालं, कारण वीज वाहत राहिली. हितं जागा तापायच्या आत झटका संपतो. आमी जाळत न्हाई, कापत बी न्हाई. पेशीला भवती एक पातळ पडदा असतो. झटक्यानं त्याला बारीक बारीक भोकं पडतात. थोडी पडली तर पेशी ती बुजवते. लई पडली की बुजवता येत न्हाईत, आणि पेशी मरते."

चांगुणाबाई कागदाकडं बघत होती. तिनं विचारलं, "त्या विजेला कळतंय का, ही चांगली, ही खराब?"

"न्हाई कळत, अक्का. सुयांच्या मधलं सगळंच मरतं. म्हणून सुया कुठं लावायच्या, तेच खरं काम. पण पेशी मेल्या तरी त्यांच्या मागचा सांगाडा, रक्ताच्या नळ्या, लघवीची वाट, शिरा, हे बरंचसं टिकतं. म्हणून लघवीवरचा ताबा बहुतेकांचा राहतो."

"आणि नवरा-बायकोचं?"

नरसिंगनं वर पंख्याकडं बघितलं. मंगल पाणी आणते म्हणून बाहेर गेली. डॉक्टरबाईंनी मात्र दुसऱ्या कुठल्याही प्रश्नासारखंच उत्तर दिलं. "ते बी बहुतेकांचं टिकतं. थोडा फरक पडू शकतो. मी शब्द देत न्हाई."

"इतकं चांगलं हाय तर सगळे हेच कामून करत न्हाईत?" नरसिंगनं विचारलं.

डॉक्टरबाई खुर्चीत थोड्या मागं टेकल्या. "हां, हे इचारायलाच पाहिजे. एक तर उरलेली ग्रंथी आत राहते. तिच्यात पुढं गाठ निघू शकते. दुसरं, सुयांच्या कडेला जरा राहून जाऊ शकतं. पूर्ण काढायच्या ऑपरेशनचा अनुभव लई वर्सांचा हाय, ह्या झटक्यांचा थोड्या वर्सांचा. वीस वर्सांनी काय होईल ते मला ठाऊक न्हाई. तपासणी जन्मभर करावी लागेल. ती चुकवणारा माणूस असेल, तर मी हे करतच न्हाई."

"तपासणी चुकणार न्हाई," चांगुणाबाई म्हणाली.

घरी आल्यावर राजपालशी फोनवर वाद झाला. "अप्पा, अर्धं काम करून कोण सोडतंय? उद्या परत निघालं तर?"

"निघालं तर परत बघू. तू म्हणायलास त्यात चूक न्हाई, पोरा."

"मग ऐका की."

"पर ती पँट घालून मला उभं राहायचंय. तुला न्हाई."

राजपालनं वाद तिथंच सोडला. मग म्हणाला, "मी येतो. रजा टाकतो."

ऑपरेशनची जुनी तारीख रद्द केली. नव्या तपासण्यांत एक अडचण निघाली. नरसिंगच्या हृदयाचा ठोका मधूनच एखादा चुकत होता. झटके हृदयाच्या ठोक्याशी वेळ जुळवूनच द्यावे लागतात, त्यामुळे हे नीट पाहिल्याशिवाय पुढं जाता येईना. छातीला तारा लावलेलं छोटं यंत्र बांधून तो एक दिवस-रात्र वागला. हृदयाच्या डॉक्टरांनी कागद वाचून परवानगी दिली. परवानगी यायला चार दिवस लागले, ते त्यानं कामावर काढले. काट्यावर गेला, काम केलं, आला.

ठरल्या दिवशी सकाळी आत नेताना नर्सनं त्याला नाव विचारलं आणि काय करायचं आहे ते त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. लाजेनं मान खाली घालणारा नरसिंग त्या पांढऱ्या खोलीत खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रोस्टेटची डाव्या अंगाची गाठ. विजेचे झटके." नंतरचं त्याला काही आठवत नाही. झटक्यानं अंग उडू नये म्हणून सगळे स्नायू ढिले पाडणारं औषध दिलं होतं. बाहेर चांगुणाबाई, मंगल आणि राजपाल एका बाकावर बसले होते. दीड तासानं डॉक्टरबाई आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "सुया पाहिजे तिथं बसल्या. ठोका बी नीट राहिला." चांगुणाबाईनं तेव्हा डब्यातली भाकरी काढली आणि दोन्ही लेकरांना खायला लावली.

दुसऱ्या दिवशी ते नौबादला आले. लघवीची नळी पाच दिवस होती. पिशवीत पहिले दोन दिवस तांबूस रंग येत होता. नळी निघाली आणि खरा त्रास सुरू झाला. आग व्हायची. कळ आली की थांबता येत नसे. दोनदा तर न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आतच पँट भिजली. दुसऱ्या वेळेला नरसिंग न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसून राहिला. चांगुणाबाईनं टॉवेल आणून दिला.

"जगदेवप्पासारखंच झालं," तो म्हणाला. "उगीच सगळ्यांना पळवलो."

मंगलनं डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आत सूज आहे, मेलेल्या पेशी निघून जायला वेळ लागतो, सहा आठवडे धीर धरा. ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच या. ताप आला नाही, लघवीही अडली नाही. भालकीकडच्या एका लग्नाचं आधीच ठरलं होतं. ते नरसिंगनं दुसऱ्या बौद्धाचार्याकडं दिलं आणि त्या दिवशी दुपारभर भिंतीकडं तोंड करून झोपून राहिला.

चौथ्या आठवड्यात आग कमी झाली. सहाव्यात कळ थांबवता येऊ लागली. तो कामावर जाऊ लागला. आठवा संपता संपता एकदा त्याला सलग चार-पाच शिंका आल्या. तो तसाच उभा राहिला, मग आत जाऊन बघून आला. काही झालं नव्हतं.

अडीच महिन्यांनी औरादजवळच्या एका खेड्यात लग्न होतं. पिशवीत दोन जास्तीच्या पँटी, आत पॅड, आणि सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, अशा तयारीनं तो निघाला. चांगुणाबाई बरोबर गेली आणि पुढच्याच सतरंजीवर बसली. नवरदेवाकडची माणसं तासभर उशिरा आली. ऊन चढलं. नरसिंगनं वंदना म्हटली, प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, फुलं पडली. मधे उदबत्तीचा धूर घशात जाऊन तो चांगलाच खोकला. चांगुणाबाईचे डोळे आपोआप त्याच्या पँटीकडं गेले, आणि ते बघून तो मंडपात किंचित हसला. विधी आटोपल्यावर त्यानं यजमानांकडून तांब्या मागून घेतला आणि उभ्या-उभ्या पूर्ण पाणी प्याला.

तीन महिन्यांनी रक्ताचा आकडा दोन पूर्णांक आठवर आला. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये ठिपक्याच्या जागी आकसलेली खूण तेवढी दिसली. नवरा-बायकोच्या बाबतीत डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसा थोडा फरक पडला. त्याबद्दल ती दोघं एकमेकांशी बोलली, आणि त्यापलीकडं ते कुणाला सांगायची गरज नव्हती.

वर्षानं पुन्हा तुकडे काढून तपासले. निकाल घ्यायला राजपाल मुद्दाम पुण्याहून आला. डाव्या बाजूला, झटके दिलेल्या जागी, कॅन्सर नव्हता. उजव्या बाजूच्या एका तुकड्यात मात्र अगदी बारीक, गरीब जातीचा अंश निघाला. पहिल्या वेळी तो सापडला नव्हता.

राजपालनं खुर्ची पुढं ओढली. मग राजपालनं विचारलं, "मॅडम, आता काढायचं का?"

"आत्ता न्हाई. ही जात पुष्कळांत नुसती पडून राहते, काही करत न्हाई. सहा महिन्यांनी रक्त, वर्सानं एमआरआय. वाढायला लागली तर ऑपरेशन हाय, किरणं हायत, पुन्हा सुया बी लावता येतील. काही रस्ता बंद झालेला न्हाई."

मी सांगितलं होतं, हे वाक्य राजपालच्या ओठांवर आलेलं नरसिंगला दिसलं. पोरानं ते गिळलं आणि गाडीची किल्ली काढली. वाटेत जहीराबादला चहा पिताना नरसिंगच म्हणाला, "तुजं ऐकलं असतं तर हे राहिलं नसतं."

"व्हय. पर तुमी लगनं लावायला गेला असताव का न्हाई, ते बी कुणाला ठाऊक?" राजपाल म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा बापाकडं सरकवला.

नंतरचे आठ दिवस नरसिंगची चिडचिड झाली. जेवताना मीठ कमी म्हणून बोलला, विहारात सतरंजी वाकडी घातली म्हणून बोलला. अंगात काहीतरी आहे हे माहीत असून ते तसंच ठेवायचं, हे त्याला जड जात होतं. चांगुणाबाईनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सहा महिने पुढचं पान उघडून तारखेवर मंगलकडून खूण करून घेतली. "त्या दिवशी इचार करायचा," ती म्हणाली. "रोज केलाव म्हणून काय ते लवकर कळणार न्हाई." ते त्याला पटलं असं नाही, पण चिडचिड कमी झाली.

वैशाखी पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर नरसिंग खाली बसला नाही. समोर शे-दीडशे माणसं होती, बायका अर्ध्याहून जास्त. त्यानं सांगितलं की मला लघवीच्या जागी कॅन्सर निघाला. तो कसा सापडला, जगदेवप्पाचं नाव न घेता ऑपरेशननं काय होऊ शकतं, झटक्यांनी काय होतं, आणि अजून माझ्यात थोडा आहे, हेही सांगितलं. पुढच्या रांगेतली दोन पोरं तोंड दाबून हसली. त्यानं ती हसू दिली.

"मी जे केलो तेच समद्यांनी करावं असं म्हणत न्हाई," तो म्हणाला. "जागा आणि जात बघून डॉक्टर सांगतंय. पर पन्नाशीच्या वरच्या गड्यांनी एकदा डॉक्टरला इचारा, ही रक्ताची तपासणी आमाला करायची का म्हणून. लाजू नका. मी लाजलो, दोन महिने कागद पेटीत ठेवलो. त्यात काय बी कमी झालं न्हाई."

सभा संपल्यावर एकही पुरुष त्याच्याजवळ आला नाही. सगळे सतरंज्या गोळा करण्यात गुंतले. बायका मात्र चांगुणाबाईभोवती जमल्या आणि अर्धा तास हलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मंगलनं वहीत तपासणीसाठी नावं लिहून घेतली तेव्हा अकरा झाली. त्यातली सात घरच्या बायकांनी येऊन दिली होती. बीदरच्या डॉक्टरांनी त्यांना दोन-दोन, तीन-तीन करून पाठवायला सांगितलं, आणि पहिल्या तिघांना घेऊन नरसिंग स्वतः गेला. त्याची स्वतःची पुढची तपासणी ऑगस्टात आहे.